वंश कुठून मोजायचा?

मी वसमतला नांदायला आले तेव्हा सासऱ्यांनी वंशावळ दाखवली. बापाखाली लेक, लेकाखाली नातू. लेकी-सुनांचं नाव कुठंच नाही. ते मला फार लागलं.

युरोपातल्या राजघराण्यांनी बायकांची नावं जपली, पण मुलखासाठी. ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसानं 1770 साली चौदा वर्षांची लेक मारी आंत्वानेत फ्रान्सला दिली, दोन सत्तांची सोयरीक टिकावी म्हणून. स्पेनच्या चौथ्या फिलिपनं तर सख्ख्या भाचीशीच, मारियानाशी लग्न केलं. त्यांचा मुलगा दुसरा कार्लोस 1700 मध्ये निपुत्रिक वारला. रक्त जपता जपता हॅब्सबुर्ग राजघराण्याची ती स्पेनची शाखाच खुंटली!

आता आमच्या नरसीच्या नामदेवांचं घर बघा. जातीनं शिंपी. आई गोणाई, बायको राजाई, लेक लिंबाई, सुना लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. एवढी नावं वारकऱ्यांना पाठ आहेत. राजाईच्या नावावर अभंग आहेत, त्यांत ती घरातल्या ओढगस्तीचं गाऱ्हाणं मांडते. कुठल्या राणीचं असं गाऱ्हाणं कुणी तोंडपाठ केलं? जनाबाई तर रक्ताची नव्हेच, घरची दासी. तरी तिच्याशिवाय ते घर पुरं होत नाही.

नामदेवांना गुरू भेटले औंढ्याला, विसोबा खेचर. ना गोत्र एक, ना सोयरीक. मग नामदेवांचा वंश वडील दामाशेटींपासून धरायचा की विसोबांपासून? मी विसोबांपासून धरते, आणि नामदेवांच्या खाली पहिलं नाव जनाबाईचं लिहिते.