अधोलोक आणि नरक

सातिवलीत ‘नरक’ हा शब्द रोज कानावर पडतो. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या गाळ्यात मोल्डिंग मशीनसमोर उभं राहून घामाने निथळलेला कामगार पाणी प्यायला बाहेर येतो आणि हा शब्द उच्चारतो. महामार्गावरच्या कोंडीत अडकलेला टेम्पोवाला उच्चारतो. गोखिवऱ्याला भोयदापाड्यावरच्या कचऱ्याच्या डोंगराने पेट घेतला आणि धूर घरात शिरला, की खिडक्या लावता लावता घरोघरी तोच शब्द निघतो. ‘अधोलोक’ मात्र रस्त्यावर कोणी म्हणत नाही. तो आम्हा ख्रिस्ती माणसांच्या प्रार्थनेपुरता उरला आहे. संध्याकाळी जपमाळेला बसलं की प्रेषितांच्या विश्वासांगीकारात तो येतो. क्रुसावर मेलेला येशू अधोलोकात उतरला, असं आपण लहानपणापासून म्हणतो आणि पुढच्या ओळीकडे वळतो.

विचारलं तर बहुतेक जण सांगतील की दोन्ही एकच. दोन्ही खाली, दोन्ही वाईट. यात त्यांचा दोष नाही. १६११ साली इंग्रजीत जे प्रसिद्ध बायबल छापलं गेलं, त्यातही या दोहोंसाठी बऱ्याच ठिकाणी एकच शब्द वापरला गेला आणि पुढे तीनशे वर्षं प्रवचनं त्याच शब्दावर चालली. मराठी बायबलने दोन शब्द वेगळे ठेवले, हे आपलं भाग्य म्हणायला हवं.

अधोलोक म्हणजे हिब्रूतला शिओल आणि ग्रीकमधला हेडीस. मेलेली सगळी माणसं जिथे जातात ती जागा. त्यात चांगला-वाईट हा भेद मुळात नाही. योसेफाला श्वापदाने फाडलं असं वाटून याकोब शोक करतो, तेव्हा तो म्हणतो की मी रडत रडतच अधोलोकात माझ्या लेकाकडे जाईन. बापाला आपण नरकात जाऊ अशी भीती नाही. त्याला मुलाजवळ जायचं आहे. ईयोब तर असह्य दुःखात देवाला विनवतो की तुझा राग शांत होईपर्यंत मला अधोलोकात लपवून ठेव. लपण्याची जागा म्हणून कोणी नरक मागेल का? आणि प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात शेवटी मरण आणि अधोलोक हे दोन्ही अग्नीच्या सरोवरात टाकले जातात. म्हणजे अधोलोकालाही शेवट आहे.

नरकाची गोष्ट वेगळी. येशूच्या तोंडी येणारा शब्द आहे ‘गेहेन्ना’. तो आला हिन्नोमच्या खोऱ्यावरून. यरुशलेमच्या दक्षिणेला असलेलं हे खोरं आजही नकाशावर दाखवता येतं. गेहेन्ना म्हणजे शहराबाहेरची सतत धुमसणारी कचराभूमी, असं प्रवचनांत हमखास सांगतात, आणि भोयदापाड्याचा धूर खाल्लेल्या माणसाला ते लगेच पटतं. पण त्याला जुना आधार नाही. तसं लिहिलेलं सापडतं ते थेट इसवी सन १२०० च्या सुमारास, दाविद किम्ही या यहुदी भाष्यकाराच्या लेखनात. बायबलमध्ये त्या खोऱ्याबद्दल जे लिहिलं आहे ते याहून भयंकर आहे. तिथे तोफेथ नावाच्या जागी आईबाप आपली मुलं आगीत होमत होते. यहूदाचे राजे आहाज आणि मनश्शे यांनीही हेच केलं. यिर्मया संदेष्टा तिथे उभा राहून सांगतो की देवाने हे कधी मागितलं नव्हतं, ते त्याच्या मनातही आलं नव्हतं. इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकात योशिया राजाने ती जागा भ्रष्ट करून टाकली, ती अशासाठी की पुन्हा कोणी लेकरू तिथे आणू नये.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. नरकाचा पहिला आकार माणसाच्या हाताने तयार झाला. देवाने खणलेल्या खड्ड्यापासून त्याची सुरुवात झाली नाही. मग सातिवलीतला कामगार पत्र्याखालच्या उकाड्याला नरक म्हणतो, तेव्हा तो शब्द चुकीचा वापरतो असं म्हणवत नाही. तो गाळा कोणीतरी बांधला आहे. पंखा न लावण्याचा, भिंतीला खिडकी न ठेवण्याचा, रात्रपाळीच्या पोराला हातमोजे न देण्याचा निर्णय कोणीतरी घेतला आहे. योशियाने जे केलं त्यासारखं काही इथे करणं शक्य आहे, आणि त्यासाठी संदेष्टा असावं लागत नाही.

मराठी कानाला मात्र यात एक अडचण आहे. ‘नरक’ हा आपल्याकडचा जुना शब्द. भागवताच्या पाचव्या स्कंधात अठ्ठावीस नरक सांगितले आहेत, पण तिथला मुक्काम कायमचा नाही. भोग संपला की जीव पुन्हा जन्माला येतो. मध्वाचार्यांनी काही जीवांसाठी न संपणारं अंधतमस सांगितलं, तो अपवाद. त्याच स्कंधात पाताळ तर स्वर्गापेक्षाही ऐश्वर्याचं आहे, तेव्हा खालचं ते सगळं वाईट, असंही आपली परंपरा मानत नाही. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत नरकाला ‘येमकोंड’ म्हणतात, म्हणजे यमाचं कुंड. मराठी ख्रिस्ती माणसाने ‘नरक’ शब्द घेतला तेव्हा त्याचं बाहेर पडायचं दार बंद करून घेतलं. म्हणूनच तो शब्द कोणावर टाकण्याआधी जास्त जपायला हवा.

आता यात एक गाठ आहे, ती झाकून पुढे जाणं बरोबर नाही. लूकच्या सोळाव्या अध्यायातला श्रीमंत माणूस ज्वाळेत तळमळतो, आणि ती जागा गेहेन्ना नाही, हेडीस आहे. म्हणजे अधोलोकातही यातना आहेत. पण तो तिथे काय मागतो ते पाहावं. आधी जिभेवर पाण्याचा थेंब, आणि मग घरी असलेल्या आपल्या पाच भावांना कोणीतरी सावध करावं, एवढंच. दारात पडलेल्या लाजराकडे ज्याने आयुष्यभर पाहिलं नाही, त्याला भावांची आठवण येते. या माणसाचं पुढे काय झालं, हे येशू सांगत नाही.

येशू अधोलोकात उतरला म्हणजे नेमकं काय झालं, हे मला कळलं ते इस्तंबूलच्या कोरा चर्चमधल्या चौदाव्या शतकातल्या एका भित्तिचित्राच्या छायाचित्रावरून. शुभ्र वस्त्रातला ख्रिस्त मध्ये उभा आहे. पायाखाली मोडलेली दारं आहेत आणि काळ्या पोकळीत कुलपं, कड्या, खिळे विखुरले आहेत. त्याने एका बाजूला आदामाला आणि दुसऱ्या बाजूला हव्वेला धरलं आहे, आणि धरलं आहे ते मनगटाला. हातात हात दिला असता तर समोरच्यालाही थोडं धरून राहावं लागलं असतं. मनगट धरलं की सगळा भार ओढणाऱ्यावर येतो. मेलेल्या माणसात पकडायची ताकद नसते, हे चित्रकाराला माहीत होतं.

या सगळ्याची खरी गरज पडते ती एका विशिष्ट घरी. जिथे कोणी स्वतःचा जीव संपवला आहे त्या घरी. सांत्वनाला आलेल्यांपैकी कोणीतरी ओट्यावर हळू आवाजात ‘तो शब्द’ उच्चारतो आणि आतल्या खोलीत आईला तो ऐकू जातो. पूर्वी चर्चच्या कायद्याचाही हाच सूर होता. १९१७ च्या धर्मसंहितेने जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती अंत्यविधी नाकारला होता. १९८३ च्या संहितेत ते कलम उरलं नाही. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने तर स्पष्ट लिहिलं की अशा माणसांच्या तारणाबद्दल आशा सोडू नये, त्यांना पश्चात्तापाची संधी देण्याच्या वाटा देवालाच ठाऊक आहेत, आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. नरक नाही, असं हा ग्रंथ म्हणत नाही. पण चर्चने आजवर हजारो माणसांना संत म्हणून जाहीर केलं आणि एकाही माणसाचं नाव घेऊन तो नरकात आहे असं कधी जाहीर केलं नाही. यहूदा इस्कर्योतचंसुद्धा नाही. जे दोन हजार वर्षांत चर्चने केलं नाही, ते ओट्यावर बसून आपण पाच मिनिटांत करायचं?

तेव्हा त्या घरी गेलात आणि तो शब्द कानावर आला, तर तिथेच थांबवा. आवाज चढवायची गरज नाही. मेलेला माणूस जिथे गेला तिथे आपला प्रभू आधी जाऊन आला आहे, हे आपण रोज संध्याकाळी म्हणतो, एवढं सांगा. मग आत जाऊन आईजवळ बसा, आणि महिन्याच्या मिस्सेसाठी फादरांशी बोलायचं काम अंगावर घ्या.