गोष्ट कुणाची, सांगतं कोण?

श्रीलंकेचे सिंहली दिग्दर्शक लेस्टर जेम्स पेरिस यांच्या ‘निधानय’ (१९७२) चित्रपटातला विली अबेनायके एका स्त्रीच्या शोधात असतो. मानेवर चार तीळ असलेल्या स्त्रीचा बळी दिला की गुप्तधन मिळेल, असा त्याचा समज. तशी आयरिन भेटते. तो तिच्याशी लग्न करतो आणि तिच्या विश्वासाचाच फायदा घेऊन तिचा जीव घेतो. चित्रपट थोर आहे, यात शंका नाही. पण तो सगळा विलीचा कबुलीजबाब आहे. मारणाऱ्याचा पश्चात्ताप आपल्याला इत्थंभूत कळतो. मरणारीला शेवटच्या क्षणी काय उमगलं, ते कळत नाही. स्वतःच्या खुनाच्या गोष्टीतही आयरिन दुय्यमच राहते.

पेरिस यांना याची जाण नव्हती, असं मात्र म्हणवत नाही. करुणासेन जयलत यांच्या कादंबरीवरून केलेल्या त्यांच्याच ‘गोलू हदवत’मध्ये (१९६८) सुगतची प्रेमकहाणी सांगून होते आणि मग धम्मी तीच कहाणी आपल्या बाजूने उलगडते. जयलत यांच्याच दुसऱ्या कादंबरीवरून लेस्टर यांच्या पत्नी सुमित्रा पेरिस यांनी १९७८मध्ये ‘गॅहॅनु लमयि’ केला. त्याआधी कितीतरी वर्षं त्यांनी संकलन केलं होतं. कुठल्या चेहऱ्यावर किती थांबायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कुसुम गरीब घरची. प्रियकर निमलच्या घरच्या उपकारांपायी ती प्रेमावर पाणी सोडते, पण त्या उपकारांची किंमत ती पुरती ओळखून असते.

वसंत ओबेसेकेरांच्या ‘दडयम’मधली (१९८३) रत्मली मन मारून बसत नाही. फसवणाऱ्याचा ती पिच्छा पुरवते. गाडी अंगावर येते तेव्हाही झुंजते. रत्मली साकारणाऱ्या स्वर्णा मल्लवाराच्चींचा तो आवेश पाहून दया दाखवायची हिंमत होत नाही.

सिंहली सिनेमाची खरी कसोटी तमिळ स्त्रीपाशी लागते. प्रसन्न वितानगे यांच्या ‘ओब नतुव ओब एक्क’मध्ये (२०१२) सेल्वी दागिने गहाण ठेवायला येते आणि सावकाराची बायको होते. हा सिंहली सावकार पूर्वी यादवी युद्धात सैनिक होता, हे तिला नंतर कळतं. सेल्वी झालेली अंजली पाटील आपल्या नाशिकची. गोव्याच्या इफ्फीत तिला याच भूमिकेसाठी रौप्यमयूर मिळाला. तिचं मौन विलक्षण बोलकं आहे. तरीही गोष्ट नवऱ्याच्या अपराधभावाभोवतीच फिरते, हे मला खटकतं.

आयरिन साकारणाऱ्या मालिनी फोन्सेका २०२५मध्ये गेल्या. वितानगे यांच्याच ‘आकास कुसुम’मध्ये (२००८) त्या विस्मृतीत गेलेली नटी झाल्या आहेत, आणि ती गोष्ट तिचीच आहे. ‘निधानय’ पाहिलात, तर लगेच हाही पाहा.