दुखणाइतास सत्य सांगावे काय?

आमच्या वाडवडिलांतील पुष्कळ ख्रिस्ती जन चित्रपटगृहाची पायरी चढणे पाप समजत. आता चित्रपट घरोघरी, हातातल्या मोबाइलवर येऊन बसला आहे. म्हणून तो पाहून आपल्या अंतःकरणाने काय घेतले, हाच प्रश्न अधिक अगत्याचा झाला आहे.

नुकताच आम्ही ‘श्वास’ हा २००४ सालचा, संदीप सावंत यांनी दिग्दर्शित केलेला मराठी चित्रपट घरी पाहिला. ‘श्यामची आई’ नंतर राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालेला हा दुसराच मराठी चित्रपट होय. परंतु आम्ही लिहितो ते त्या मानाकरिता नव्हे.

कोकणातील एक आजोबा आपल्या लहानग्या नातवास, परशुरामास, शहरातील इस्पितळात आणतात. मुलाच्या डोळ्यांत कर्करोग झालेला आहे. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. डॉक्टरांचा आग्रह असा की, मुलास हे आधी कळलेच पाहिजे. आजोबांच्या तोंडून मात्र शब्द फुटत नाही.

उपदेशक बंधूंनो, हा प्रसंग आपणांस नवा आहे काय? दुखणाइताकरिता प्रार्थना करावयास आपण जातो, तो दारातच घरची माणसे कानात सांगतात, “पाळकसाहेब, त्यांना काही कळू देऊ नका.” ही प्रीतीच आहे, पण तीत आपल्या स्वतःच्या भयाचा अंश किती, हे प्रत्येकाने तपासावे. पुष्कळदा आपण दुखणाइताचे दुःख टाळीत नसून, त्याचे अश्रू पाहण्याचा आपला प्रसंग टाळीत असतो. दुखणाईत तर सर्व ओळखून असतो, आणि आपण गप्प राहिल्यामुळे बिचारा एकटा पडतो.

मग सर्व काही एकदम सांगून मोकळे व्हावे काय? तसेही नव्हे. मोरिया डोंगराच्या वाटेवर इसहाकाने कोकराविषयी विचारिले, तेव्हा अब्राहामाने त्यास देवाच्या तरतुदीवर सोपविले, आणि तो त्याच्यासंगती चालत राहिला. प्रभूनेही आपल्या दुःखसहनाविषयी शिष्यांस उघड सांगितले. तरी त्यांस सोसवणार नाही ते पुढील वेळेकरिता राखून ठेविले. सत्य सांगण्यासही माप आहे, परंतु असत्यास त्यात जागा नाही.

चित्रपटात शस्त्रक्रिया लांबणीवर पडते, तेव्हा आजोबा कोणास न सांगता नातवास इस्पितळाबाहेर नेतात व डोळे आहेत तोवर त्यास जग दाखवितात. डॉक्टर रागावतात, आणि त्यांचा राग अयोग्य नव्हे. तरी आम्हांस वाटते, त्या दिवसाचे मोल मुलास सत्य कळले होते म्हणूनच होते. ते लपविले असते तर तो दिवस केवळ एक जत्रा झाला असता.

तेव्हा आमचे मत असे: जो सांगून निघून जाणार, त्याने सांगू नये, जो सांगून उशाशी बसणार, त्यानेच सांगावे.

जाता जाता आईबापांस एक विनंती. लहान मुलाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसल्यास घरगुती औषधांत दिवस न घालविता नेत्रतज्ज्ञाकडे जावे. हा रोग लवकर कळल्यास जीव, आणि पुष्कळदा दृष्टीही, वाचविता येते. तेथेही सत्यापासून डोळे मिटून घेणे हाच मोठा धोका आहे.