मागील दारचा बिबट्या आणि समदर्शनाचा प्रश्न

समदर्शन, म्हणजे सर्व भूतांच्या ठायी एकच तत्त्व पाहण्याची दृष्टी, ही भारतीय तत्त्वचिंतनात ज्ञानाची परिणती मानली गेली आहे. परंतु पहाटे धार काढण्यासाठी गोठ्याकडे निघालेल्या माणसापुढे परसात अचानक बिबट्या उभा राहतो, तेव्हा या दृष्टीची जी कसोटी लागते ती कोणत्याही वादसभेत लागत नाही. भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायात समदर्शी पंडिताचे लक्षण सांगताना विद्याविनयसंपन्न ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि चांडाळ अशी मालिका दिली आहे, आणि तीतील तिन्ही प्राणी माणसाच्या सहवासात रुळलेले आहेत. जो प्राणी माणसाच्या गोठ्यातील वासरू, अंगणातील कुत्रा आणि क्वचित घरातील मूलही उचलून नेऊ शकतो, त्याच्याकडे समदृष्टीने पाहणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न त्या मालिकेच्या पुढचा आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न रोजच्या जगण्यातला आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात वन्यजीव अभ्यासक विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला सुमारे ३०० माणसे राहतात अशा त्या शेतीच्या मुलखात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आणि जवळपास तितकेच तरस असल्याचे त्यातून दिसून आले. बारमाही पाण्यामुळे वाढलेल्या उसाच्या फडात बिबट्याला आडोसा मिळतो, वस्तीवरची कुत्री व शेळ्या हे त्याचे भक्ष्य ठरते, आणि मादी तेथेच पिले घालते. ऊसतोडणीच्या वेळी अशी पिले सापडली की जुन्नर भागात वनकर्मचारी ती तपासून, प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये घालून, सापडली त्याच जागी संध्याकाळी ठेवतात, आणि अनेकदा रात्रीतून मादी येऊन एकेक पिलू तोंडात धरून घेऊन जाते. तेव्हा बिबट्या हा जंगलातून वाट चुकून आलेला पाहुणा आहे ही समजूत निदान या भागापुरती टिकत नाही. तो तेथलाच रहिवासी आहे.

अशा शेजाऱ्याविषयी धर्मविचार काय सांगतो हे पाहू गेल्यास प्रथम भूतदया, म्हणजे प्राणिमात्रांविषयीची करुणा, समोर येते. भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावणारे नामदेव आणि तहानेल्या गाढवाला कावडीतील गंगोदक पाजणारे एकनाथ या वारकरी परंपरेने जपलेल्या कथा मराठी मनात खोल रुजल्या आहेत. परंतु त्यांतील प्राणी भुकेला किंवा तहानलेला आहे, आणि माणूस देणाऱ्याच्या भूमिकेत आहे. करुणेला नकळत एक उंची लागते, कारण जो दया करतो तो बलवान असतो. परसातील बिबट्यापुढे माणसाची ही उंची एका क्षणात नाहीशी होते, आणि दयेचा विचार तेथे अपुरा पडतो.

अद्वैत वेदान्ताचे उत्तर असे की भय हे दुसरेपणातून जन्मते आणि आत्मैक्याच्या ज्ञानाने ते मावळते. हा सिद्धान्त उदात्त असला तरी तो व्यवहारात कसा उतरवावा याविषयी परंपरेनेच सावध केले आहे. भावाद्वैत, म्हणजे अंतःकरणात ऐक्याची जाणीव, आणि क्रियाद्वैत, म्हणजे आचरणात सर्वांशी एकसारखे वागणे, असा भेद करून पहिले सदैव जपावे व दुसरे टाळावे असे वेदान्ती आचार्य सांगत आले. रामकृष्ण परमहंसांच्या एका दृष्टान्तात सर्वत्र नारायण पाहणारा शिष्य पिसाळलेल्या हत्तीसमोरून हटत नाही आणि जखमी होतो. त्यावर गुरू म्हणतात की हत्ती नारायण खरा, पण दूर हो म्हणून ओरडणारा माहूतही नारायणच होता, त्याचे का ऐकले नाही? भयाला विवेकाचा आवाज मानून त्याचे ऐकणे हेही समदर्शनात बसते, असा या दृष्टान्ताचा अर्थ घेता येतो. जैन दर्शन आणखी एक पाऊल टाकते. तेथे जीव अनंत व परस्परांहून भिन्न आहेत, प्रत्येकाला जगणे प्रिय आहे, आणि म्हणून अहिंसेचा आधार सर्व जीव एकच असण्यावर नाही, तर दुसराही आपल्यासारखाच स्वतंत्र जीव असण्यावर आहे.

तथापि या प्रश्नाचे सर्वांत व्यवहार्य उत्तर लोकधर्माने दिले आहे. पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगर या पट्ट्यात वारली समाज वाघोबा या देवतेची उपासना करतो, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या परिसरातील वाघोबाच्या सुमारे १५० स्थानांची नोंद झाली आहे. शेंदूर फासलेल्या दगडावर किंवा लाकडी फळीवर वाघाची, त्याच्यासोबत चंद्रसूर्याची आकृती कोरलेली असते. वाघबारस या सणाच्या सुमारास तेथे पूजा होते, कोंबडा वा बोकड दिला जातो, आणि वाघोबाचा मान राखला तर तो माणसाचे व गुराढोरांचे रक्षण करतो अशी श्रद्धा असते. येथे वाघ व बिबट्या यांना सौम्य मानलेले नाही आणि शत्रूही ठरवलेले नाही. त्यांचा वाटा मान्य केलेला आहे आणि त्या बदल्यात मर्यादेची अपेक्षा ठेवलेली आहे. मर्यादा ही येथे उभयपक्षी आहे.

ही मर्यादा मोडली की काय होते, याचा दाखला जुन्नरच्या अनुभवात आहे. या शतकाच्या आरंभी तेथे बिबटे मोठ्या प्रमाणावर पिंजऱ्यांत पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्यानंतर माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून सुमारे १७ पर्यंत वाढले. ज्याला निव्वळ हलवण्याची वस्तू मानले, तो स्वतःचा मुलूख आणि स्वतःच्या सवयी असलेला जीव होता.

या विवेचनात ज्यांच्या घरातील माणूस गेला त्यांच्या दुःखाला गौण लेखणे हा अधर्मच ठरेल. शहरात सुरक्षित राहून शेतवस्तीवरील कुटुंबाला सहजीवनाचा उपदेश करणे सोपे आहे. पण सहजीवनाचा भार सर्वांनी वाटून घेतल्याखेरीज त्या उपदेशाला नैतिक बळ येत नाही. बंदिस्त गोठा, अंगणात दिवा, वस्तीजवळ शौचालय, रात्रीऐवजी दिवसा शेतीपंपाला वीज, कचऱ्याची आणि मोकाट कुत्र्यांची व्यवस्था, नुकसानभरपाई वेळेवर, आणि माणसांवर वारंवार हल्ला करणाऱ्या प्राण्याचा तत्काळ बंदोबस्त, या गोष्टी प्रशासकीय दिसत असल्या तरी आज समदर्शन आचरणात आणण्याची साधने हीच आहेत. बिबट्याला आत्मवत मानणाऱ्या समाजाने त्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसालाही तितकेच आत्मवत मानले पाहिजे. यांपैकी एकालाच स्वीकारणारी दृष्टी सम म्हणवून घेण्यास पात्र नाही.