तीन भावंडं आणि तीन बॅटऱ्या

पुण्यात एका घरात तीन भावंडं राहत होती. थोरला नववीत, मधला सातवीत आणि धाकटी पाचवीत. दिवाळीला मामाने तिघांना एकसारख्या रिमोटच्या गाड्या दिल्या. खऱ्या गाडीच्या एक-दशांश मापाच्या, जाड रबरी चाकांच्या, मुरुमावरून धुरळा उडवत पळणाऱ्या. गाड्यांबरोबर बॅटऱ्या मात्र नव्हत्या. म्हणून आजोबा तिघांना घेऊन बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेले.

दुकानदाराने काउंटरवर तीन पॅक मांडले. लिथियम पॉलिमरचे, ज्यांना गाडीवाले नुसतं ‘लायपो’ म्हणतात. प्रत्येकात दोन सेल, ७.४ व्होल्ट, ५००० एमएएच. तिन्ही एकाच खोक्यातून निघालेले, त्यामुळे कोणाला कोणता यावरून भांडण झालं नाही. या घरात ही गोष्ट विरळाच.

“नीट ऐका,” दुकानदार म्हणाला. “चार्जिंगला लावून कोणी बाहेर जायचं नाही, झोपायचं नाही. गादीवर, सतरंजीवर ठेवायची नाही, उघड्या फरशीवर ठेवायची. चार्जरवर ‘लायपो’च निवडायचं, करंट ५ अँपिअरच्या वर न्यायचा नाही. आणि हे पांढरं छोटं कनेक्टर लावल्याशिवाय चार्जिंग सुरू करायचं नाही. आत दोन सेल आहेत. दोघांनाही ४.२ व्होल्टपर्यंतच भरायचं. हे कनेक्टर नसलं तर चार्जरला दोघांची बेरीज तेवढी दिसते. एक ४.१ वर आणि दुसरा ४.३ वर असला तरी बेरीज ८.४ च येते, आणि चार्जर समजतो सगळं ठीक आहे.”

थोरल्याने सगळं वहीत उतरवून घेतलं. मधला गाडीचं चाक बोटाने फिरवत होता. धाकटीचं लक्ष दुकानदाराने पॅकला लावलेल्या छोट्या मीटरकडे होतं. त्यावर आकडे आले: ३.८४, ३.८४.

“काका, ही अर्धीच भरलेली का?”

“नवीन अशीच येते.”

“पण का? कारखान्यात पूर्ण भरता येत नाही का?”

दुकानदार हसला. “येते की. पण महिनोन्‌महिने गोदामात पडून राहायचं असतं ना तिला, म्हणून.” तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि बोलणं तिथेच राहिलं.

दर रविवारी सकाळी टेकडीखालच्या मोकळ्या जागेत गाड्या पळू लागल्या. तिघंही बॅटरीला जपत होती, हे आधीच सांगून ठेवतो. या गोष्टीत निष्काळजी कोणीच नाही. पण जपण्याची रीत तिघांची तीन तऱ्हांची होती.

थोरला शिस्तीचा. गाडी चालवून घरी आला की पॅक निवेपर्यंत थांबायचा आणि लगेच काठोकाठ भरून ठेवायचा. “वस्तू कशी, कधीही हाताला तयार हवी,” असं म्हणायचा. आजीकडून त्याने पॅकसाठी कापूस घातलेली मऊ पिशवीही शिवून घेतली होती. रविवारी पाऊस आला, पाहुणे आले, तर भरलेली बॅटरी पुढच्या रविवारपर्यंत तशीच राहायची. तिचे आकडे ४.२० चे ४.१९ झाले तरी हा पुन्हा चार्जरला लावायचा.

मधल्याचे गुरू आजोबा. आजोबांची नोकरी वायरलेस खात्यात गेली. तिथल्या सेटांना निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या असत, आणि त्यांचा नियम आजोबांना अजून पाठ होता: पूर्ण उतरल्याशिवाय भरायची नाही, अर्धवट उतरलेली भरत राहिलं तर बॅटरीला तेवढ्याचीच सवय लागते. नातवाला त्यांनी तोच दिला. मधला इमानाने पाळू लागला. अडचण एकच होती, गाडी मध्येच थांबायची. गाडीतल्या स्पीड कंट्रोलरला ‘लायपो’ असं सांगून ठेवलं की सेल ३.२ व्होल्टच्या आसपास उतरताच तो मोटरचा वीजपुरवठा तोडतो. मधल्याने सेटिंग शोधून काढलं आणि कंट्रोलरला सांगितलं, बॅटरी निकेलची आहे. मग गाडी शेवटच्या श्वासापर्यंत पळू लागली. आजोबांना नातवाचं कौतुक वाटलं. मला विचाराल तर सगळ्या गोष्टीतली सर्वांत हुशारीची आणि सर्वांत घातकी करामत हीच.

धाकटी मात्र गाडी थोडी मंदावली की थांबायची. घरी आल्यावर पॅक चार्जरला लावायची तो भरण्यासाठी नाही, तर ‘स्टोरेज’ असं लिहिलेल्या कार्यक्रमावर. तो सेलला ३.८ च्या आसपास आणून सोडतो, कमी असेल तर भरून आणि जास्त असेल तर उतरवून. बाकीचं रविवारी सकाळी, दात घासता घासता. थोरला तिला चिडवायचा, “हिचं दूध अर्धं, पोळी अर्धी, बॅटरीपण अर्धी!” ती उत्तर द्यायची नाही.

मार्च उजाडला. परीक्षा आल्या आणि आईने गाड्या बंद केल्या. थोरल्याने आपला पॅक नेहमीपेक्षा मन लावून ८.४ व्होल्टपर्यंत भरला, पिशवीत घातला आणि माळ्यावर सुरक्षित ठेवून दिला. घर सर्वांत वरच्या मजल्यावरचं, माळा स्लॅबला लागून. मधल्याने शेवटच्या दिवशी गाडी जागच्या जागी थांबेपर्यंत चालवली आणि पॅक आत तसाच, प्लग जोडलेला ठेवून गाडी खोक्यात टाकली. बटण बंद केलं होतं. पण पुष्कळ गाड्यांत बटण बंद असलं तरी कंट्रोलर थोडी थोडी वीज ओढत राहतो. धाकटीने पॅक गाडीतून काढला, मीटर लावून पाहिला आणि पत्र्याच्या डब्यात घालून कपाटाच्या खालच्या, गार कप्प्यात ठेवला.

परीक्षा संपल्या. सगळं घर कोकणात आंबे खायला गेलं. इकडे पुण्यात पारा चाळिशीला भिडत होता.

जूनमध्ये परतल्यावर तिघांनी पहिलं काम केलं ते गाड्या बाहेर काढण्याचं. थोरल्याची पिशवी उघडेना. आतला चपटा पॅक पुरीसारखा टम्म फुगला होता. मधल्याच्या पॅकला मीटर लावला तर एक सेल २.१ आणि दुसरा १.४. चार्जरने त्याला घ्यायलाच नकार दिला. धाकटीच्या पॅकवर आकडे होते ३.८२, ३.८२.

यानंतरच्या अर्ध्या तासात त्या घरात जेवढे उपाय सुचले, ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. थोरला म्हणाला, आतला वारा सुईने टोचून काढू. आजी म्हणाली, वरवंट्याखाली दाबून ठेव, बसेल खाली. मधल्याला शेजारच्या मित्राने सांगितलं, “चार्जरला खोटं सांग निकेलची आहे म्हणून. पाच मिनिटं वीज दे, उठून बसेल.” मधला चार्जरची बटणं दाबायलाही लागला होता.

धाकटीने चार्जरची वायर भिंतीतून काढली. “आधी काकांना विचारू,” म्हणाली.

कथेत इथे आग लावायचा मोह होतो. फुगलेला पॅक पेट घेतो, पडदा जळतो, मुलं धडा शिकतात. पण त्या दिवशी आग लागली नाही, आणि लागली नाही म्हणून तो धोका लहान होत नाही. टोचलेल्या पॅकमध्ये आतले थर एकमेकांना चिकटतात, शॉर्ट होतं, उष्णता वाढते. त्या उष्णतेने आतली रसायनं आणखी उष्णता सोडतात, आणि एकदा ही साखळी सुरू झाली की बाहेरून कोणी प्लग काढून उपयोग नसतो. निघणारा धूर विषारी असतो, त्यात हायड्रोजन फ्लोराइडसुद्धा असू शकतं. अशा वेळी शूर व्हायचं नाही. माणसांना बाहेर काढायचं, दार ओढून घ्यायचं आणि १०१ ला फोन लावायचा.

आजोबांनी दोन्ही पॅक गॅलरीत वाळूच्या घमेल्यात ठेवले, आसपासचं वाळत घातलेलं सगळं आत घेतलं आणि मोबाइलवर फोटो काढून मुलांना दुकानात नेलं.

दुकानदाराने फोटो पाहिले. थोरल्याकडे वळून म्हणाला, “तुझी कशाने गेली सांगू? लाडाने. पूर्ण भरलेला सेल ताणाखाली असतो. ४.२ व्होल्टला आतलं द्रावण हळूहळू मोडत असतं, त्यातून वायू निघतो. गाडी चालवायच्या दिवशी भरलीस तर काही बिघडत नाही. तू अडीच महिने भरून ठेवलीस, तीही तापलेल्या माळ्यावर. उन्हाने ते काम आणखी वेगाने होतं. हिला बाहेरून डबा नाही, नुसतं पाकीट आहे. वायू जाणार कुठे? पाकीट फुगलं.”

“आणि माझी?” मधला म्हणाला.

“तुझी उपाशी मेली. अगदी खाली गेल्यावर आतलं तांबं द्रावणात विरघळतं. पुन्हा भरायला घेतलीस की ते भलत्याच जागी बसतं आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. म्हणून चार्जर नाही म्हणत होता. तो नाही म्हणतो तेव्हा त्याला फसवायचं नसतं रे, तो तुझ्या बाजूने बोलत असतो.”

आजोबा जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “उतरवायला मी सांगितलं होतं.”

“तुमचा सल्ला खरा होता, आजोबा,” दुकानदार म्हणाला. “पण तो दुसऱ्या बॅटरीचा होता.” मग मुलांकडे बघून म्हणाला, “एक लक्षात ठेवा. जपणं म्हणजे आपल्याला बरं वाटेल ते करणं नाही. त्या वस्तूला काय मानवतं ते बघायचं, आणि तेच करायचं. मग ते आपल्याला अर्धवट का दिसेना.”

थोरल्याने धाकटीला विचारलं, “तुला कुणी सांगितलं होतं?”

“बॅटरीनेच,” ती म्हणाली. “आली तेव्हाच अर्धी होती ना.”

थोरल्याने खिशातली वही चाळली. दुकानदाराचे सगळे नियम त्यात होते. गोदामाचं वाक्य नव्हतं. ते कोणी नियम म्हणून सांगितलंच नव्हतं.

दोन्ही पॅक निकालात निघाले. कचऱ्याच्या बादलीत टाकायचे नाहीत, हे दुकानदाराने दोनदा बजावलं. कचऱ्याच्या गाडीत दाबला गेला तर तिथे पेटेल, आणि भोगेल तो गाडीवरचा माणूस. थोरल्याच्या पॅकमध्ये अजून वीज होती. आजोबांनी मोकळ्या गच्चीवर, घमेल्यातच ठेवून, मोटारीचा १२ व्होल्टचा जुना बल्ब त्याला जोडला आणि तो पूर्ण विझेपर्यंत खुर्ची टाकून लांब बसून राहिले. मग दोन्ही पॅकच्या तारांच्या टोकांना वेगवेगळी चिकटपट्टी गुंडाळली आणि ते ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात देऊन आले. अशा बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. पण फुगलेला पॅक घरातून उचलून केंद्रापर्यंत न्यायला आजोबाच लागतात.

नव्या बॅटऱ्यांना आईने दसऱ्यापर्यंत नकार दिला. मग तीन गाड्या आणि एक पॅक, असा संसार सुरू झाला. पाळ्या लागल्या. पहिली पाळी धाकटीची, यावर कोणी हुज्जत घातली नाही. दुसरी कोणाची, यावर भरपूर घातली. मधल्याने आपल्या गाडीचा कंट्रोलर न सांगता पुन्हा ‘लायपो’वर आणून ठेवला.

जूनच्या तिसऱ्या शनिवारी रात्री थोरला पॅक हातात घेऊन चार्जरपाशी आला.

“भरून ठेवू का? सकाळी लवकर निघायचंय.”

धाकटीने खिडकीतून आभाळाकडे पाहिलं. सिंहगडाच्या बाजूने काळंभोर भरून आलं होतं.

“सकाळी बघू. पाऊस नसला तर भरू. अर्धी आहेच, अर्ध्या-पाऊण तासात होईल.”

“आणि त्या पाऊण तासात मी काय करू?”

“तिथेच बसायचं,” आजोबा आतून ओरडले. “मी चहा टाकतो.”