आधी अंग धुवा, मग पाण्यात या

संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या एमआयडीसीत पहिली पाळी सुटली की जालना रोडवर कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागते. हे मनन त्या वेळेसाठी नाही. घरी पोचा, चहा घ्या, मग वाचा. आज जमलं नाही तर उद्या वाचा, काही बिघडत नाही.

बसलात? आधी पाय मोकळे करा. सेफ्टी शूज काढलेत, आता मोजा खाली ओढा आणि घोट्याच्या वर बघा. इलास्टिकनं तिथे एक पट्टा उमटवलाय, बारीक उभ्या रेघांचा, मधून मधून लालसर. त्यावरून बोट फिरवा. रेघा बोटाला लागतात. करंगळीच्या बाजूला, जिथे बुटाची लोखंडी टोपी घासते, तिथली कातडी जाड झाली आहे. या पायांवर तुम्ही दिवसभर काँक्रीटवर उभे होता. आता थोडा वेळ त्यांच्यापाशीच राहा. रेघा आपोआप पुसट होतील, चोळायची गरज नाही.

इथून जपानला जाऊ.

शेंद्र्याच्या माणसाला जपान तसा परका नाही. शॉप फ्लोअरवर शिरलं की ‘फाइव्ह एस’चा फळा दिसतो: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. काइझेनची, म्हणजे छोट्या छोट्या सुधारणांची, स्पर्धा असते, चूक होऊच न देणारं पोका-योके तर आयटीआयमधून नुकता आलेला पोरगाही समजावून सांगतो. ज्या दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतून इथलं ऑरिक हे औद्योगिक शहर उभं राहिलं, तिची आखणीही जपानच्या साथीनं झाली. कामाचा जपान आपल्याकडे पुरता मुरला. पण दमलेल्या माणसाचं काय करायचं, हेही त्याच लोकांनी तितक्याच काटेकोरपणे ठरवून ठेवलं आहे. तो भाग फळ्यावर आला नाही.

तो भाग डोंगरात आहे. गरम झऱ्याच्या, म्हणजे ओन्सेनच्या, शेजारी बांधलेलं मुक्कामाचं घर: र्योकान. यामानाशी प्रांतातलं केइउन्कान इ. स. 705 सालापासून चालू असल्याचं सांगतात. जगातलं सर्वांत जुनं हॉटेल म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद आहे. आपल्याकडे वेरूळचं कैलास लेणं कोरलं गेलं, त्याच शतकातलं हे घर.

समजा, दुपारी तीनच्या सुमारास तुम्ही अशा एका दारात उभे आहात. जोडे उंबऱ्याशी राहतात. आतल्या सपाता वेगळ्या, खोलीतल्या चटईवर त्याही नाहीत, आणि संडासासाठी तिसऱ्याच. अंगात घालायला सुती युकाता मिळतो. डावी बाजू वर घ्यायची, उजवी खाली. उलटं नेसवतात ते फक्त मृताला. जेवण ठरल्या वेळी, अंथरूण घालणार दुसरंच कोणी.

इथे जरा थांबा. जोडे ठरल्या जागी, सगळ्यांना एकच पोशाख, वेळ ठरलेली. हे सगळं तर तुम्ही रोजच करता! मग इथे कारखाना का वाटत नाही? माझ्या मते, इथे तुमचं काहीच मोजलं जात नाही म्हणून. किती वेळ खिडकीशी बसलात, किती चहा प्यायलात, याची नोंद कुठेही पडणार नाही. ठरवण्याचा भार घेतला, पण टार्गेट दिलं नाही. ही कल्पना पहिल्यांदा अंगावर घेताना थोडी चुकचुक वाटेल. वाटू द्या.

आता न्हाणीघर. भिंतीशी बुटकी स्टुलं, बादली, शॉवर. तिथे बसून आधी अंग नीट धुवायचं, साबणाचा मागमूस राहता कामा नये. कपड्याचा एक धागाही न घालता कुंडात उतरायचं. हातातला छोटा पंचा पाण्यात बुडवत नाहीत, घडी करून डोक्यावर ठेवतात. म्हणजे कुंडाशी पोचता तेव्हा तुम्ही स्वच्छ झालेले असता. त्या पाण्याला तुमच्याकडून काही काम उरलेलं नाही, आणि तुम्हाला त्याच्याकडून.

उतरा. सावकाश. पाणी चाळीस-बेचाळीस अंशांचं आहे, आधी चटका बसेल. मानेपर्यंत बसलात की जमिनीवरच्या वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो. पायांना ते सगळ्यांत आधी कळेल.

आणि आता काठाकडे बघा. पाणी भरून काठावरून सांडतंय. झऱ्यातून सतत नवं येतंय, जुनं वाहून जातंय. संभाजीनगरच्या माणसाचा हात इथे नकळत नळ शोधतो. जायकवाडी जवळ असूनही ज्या शहरात वर्षानुवर्षं नळाला कित्येक दिवसांआड पाणी आलं, जिथे टँकरचा हॉर्न झोपेतही ओळखू येतो, तिथल्या माणसाला सांडतं पाणी बघवत नाही. हे मन वाईट नाही, शहाणं आहे. त्याला दटावू नका. फक्त सांगा, की हे पाणी तापवायला कुणी लाकूड जाळलं नाही, ते अडवलं तरी झरा थांबणार नाही.

कुठून येतं ते? जपानात बऱ्याच ठिकाणी जागत्या ज्वालामुखीच्या उष्णतेवर तापून. आपल्या पायाखालचा काळा पाषाणही लाव्हाच, पण तो 6.6 कोटी वर्षांच्या आसपासचा, कधीच निवाला. तरी महाराष्ट्रात उन्हाळी, म्हणजे गरम पाण्याचे झरे, आहेतच. तानसेकाठी अकलोली-गणेशपुरी, पालीजवळ उन्हेरे, राजापूरजवळ उन्हाळे, चोपड्याकडे उनपदेव. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांनी वाढत्या उष्णतेत तापतं आणि दुसऱ्या एखाद्या भेगेनं वर येतं. पडलेल्या सरीचा हा लांबचा फेरा मनात एकदा पुरा करा: खाली, आणखी खाली, मग वर.

मराठवाड्याचं आपलं उनकेश्वर, नांदेड जिल्ह्यात, किनवटकडे, पैनगंगेजवळ. शरभंग ऋषींच्या व्याधीसाठी रामानं बाण मारला आणि गरम पाणी उसळलं, असं तिथे सांगतात. त्वचेच्या दुखण्याची माणसं तिथे मुक्काम करून राहत आली आहेत. फरक एवढाच, की आपल्या कुंडांवर आपण काहीतरी फेडायला जातो: पाप, खरूज, नवस. नुसतं बसायला म्हणून कोणी जात नाही. हे मला जरा खटकतं.

आणखी एक गंमत. जपानातल्या कुसात्सु गावातलं पाणी अंग भाजेल इतकं कढत. आपण विसण घातलं असतं. तिथे घालत नाहीत, कारण पाणी पातळ होतं. लांब फळ्यांनी, गाणी म्हणत, ते घुसळून निववतात. म्हणजे नुसतं बसण्याचीही आधी मेहनत आहेच.

दहा मिनिटं पुरे. काठ धरून हळू उठा. उष्णतेनं रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, घेरी येऊ शकते. हृदयाचं किंवा बीपीचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गरम पाण्यात बसू नका. दारू पिऊन तर नाहीच नाही.

जेवण झालं, अंथरूण घातलेलं आहे, तापलेलं अंग निवताना झोप येतेच. सकाळी दहाला खोली रिकामी करायची.

घरी यातलं किती जमेल? कुंड नाही, पाणी बादलीभर. आंघोळ नेहमीसारखी उरका, पण शेवटचा एक तांब्या राखा. साबण बाजूला ठेवा, अंग स्वच्छ झालेलं आहे. तो तांब्या खांद्यावरून, जमेल तितक्या बारीक धारेनं ओता, आणि संपेपर्यंत दुसरं काही करू नका. बाहेरून कोणी दार वाजवून विचारलंच, एवढा वेळ आत काय चाललंय, तर सांगा, काही नाही.