शीत कुठल्या भांड्यातलं?

काही वर्षांपूर्वी मी दर शनिवारी एका वस्तीतल्या अभ्यासवर्गात शिकवायला जायचे. पाचवी-सहावीची मुलं होती. एकदा गणित लवकर आटोपलं, म्हणून मी त्यांना मार्शमेलोची गोष्ट सांगितली. ही गोष्ट तुम्हीही कुठेतरी ऐकली असेल. रीलमध्ये, स्पर्धा परीक्षेच्या सेमिनारमध्ये, नाहीतर पालकसभेत. वर्गात मार्शमेलो कुणाला माहीत नव्हता, म्हणून मी त्याचा पेढा केला.

एका खोलीत चार वर्षांचं मूल बसलंय. समोर एक पेढा. बाई म्हणतात, "मी जाऊन येते. तोवर हा खाल्ला नाहीस तर दोन मिळतील." काही मुलं लगेच खातात, काही थांबतात. पुढे अनेक वर्षांनी बघितलं तर थांबलेली मुलं अभ्यासात पुढे गेलेली असतात. तात्पर्य : संयम ठेवा.

मागे बसलेला एक मुलगा म्हणाला, "ताई, आणि बाई परत आल्याच नाहीत तर?" त्याच्या शेजारची म्हणाली, "तोवर दादा खाऊन टाकेल की." सगळे हसले. मीही हसले आणि म्हणाले, "बघा, यालाच म्हणतात संयम नसणं."

हे वाक्य मला आजही टोचतं. त्या मुलाने विनोद केला नव्हता. त्या प्रयोगावर घेता येईल असा सगळ्यात नेमका आक्षेप त्याने घेतला होता, आणि मी तो त्याच्या स्वभावातला दोष म्हणून त्यालाच परत केला.

मूळ प्रयोग वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाचे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते अमेरिकेत, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बिंग नर्सरी स्कूलमध्ये झाले. तिथली बरीचशी मुलं विद्यापीठातल्या प्राध्यापकांची आणि विद्यार्थ्यांची होती. प्रयोगांत सहाशेहून जास्त मुलांनी भाग घेतला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधासाठी मिशेल आणि सहकाऱ्यांनी त्यांच्यापैकी काहींचा पुन्हा माग काढला, तेव्हा कॉलेज प्रवेशपरीक्षेचे गुण मिळाले ते शंभरहूनही कमी जणांचे. 'लहानपणी थांबलेले पुढे गेले' ही जगभर फिरलेली गोष्ट एवढ्यावर उभी आहे. नमुना लहान आहे, निष्कर्ष इतरांना लावताना जपून, असं त्या शोधनिबंधात लिहिलेलंही होतं. पण निबंधातला इशारा रीलमध्ये येत नाही. माझ्या वर्गातही आला नाही.

आपल्याकडे म्हण आहे : शितावरून भाताची परीक्षा. सगळं संख्याशास्त्र या म्हणीत आहे असं म्हणायला हरकत नाही. एक शीत बोटांत चेपून आपण पातेलंभर भाताबद्दल बोलतो, आणि ते बरोबरही निघतं. कारण सगळा तांदूळ एकाच पोत्यातला, एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. शेजारच्या घरातल्या कुकरबद्दल मात्र आपलं शीत काहीही सांगत नाही.

बरं, शितं भरपूर घेतली की प्रश्न सुटतो का? तर नाही. १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने वीस लाखांहून जास्त लोकांची मतं गोळा केली आणि लँडन जिंकणार असं सांगितलं. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्यं रूझवेल्टने जिंकली. पत्ते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून घेतले होते. मंदीच्या काळात ज्यांच्याकडे फोन आणि मोटार होती, त्यांचीच मतं जास्त आली. शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी घेणारे आणि न घेणारे यांच्यातही फरक असतो. तुमच्या ग्रुपवर "दोन मिनिटं काढून माझ्या डेझर्टेशनचा फॉर्म भरा ना" असा मेसेज आला असेल, तर तुम्ही अशा सोयीच्या नमुन्यात बसून आला आहात. हाताशी जे असतात त्यांना विचारलं जातं, आणि वर शीर्षक लागतं 'महाराष्ट्रातील तरुण'.

हे फक्त विद्यार्थी करतात असंही नाही. जेफ्री आर्नेट यांनी २००३ ते २००७ या काळातली मानसशास्त्रातली सहा आघाडीची अमेरिकन नियतकालिकं तपासली, तेव्हा त्यातले ९६ टक्के सहभागी पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले निघाले. त्या देशांत जगातली साधारण १२ टक्के माणसं राहतात. २०१० मध्ये हेनरिक, हाइन आणि नोरेन्झायन यांनी या नमुन्याला नाव दिलं. पाश्चात्त्य, सुशिक्षित, औद्योगिक, श्रीमंत, लोकशाही या शब्दांची इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की 'वीअर्ड' होतं, म्हणजे विचित्र. त्यांचं म्हणणं असं की, जगाकडे बघता हे लोकच अनेक बाबतींत अपवाद आहेत, आणि आपण त्यांना नियम समजून बसलोय.

इथवर हा तांत्रिक दोष वाटेल. नमुना सुधारा, काम संपलं. पण मला प्रश्न नैतिक वाटतो, आणि तो मार्शमेलोवरच जास्त स्पष्ट दिसतो.

सेलेस्ट किड ही संशोधक काही काळ बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यात काम करत होती. तिथल्या मुलांच्या हातातली वस्तू कधीही कुणीही काढून घेऊ शकत होतं. ही मुलं मार्शमेलोसमोर काय करतील, असा प्रश्न तिला पडला. तिने आणि सहकाऱ्यांनी २८ मुलांवर प्रयोग केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी प्रत्येक मुलाला चित्रकलेचं चांगलं साहित्य आणून देण्याचं वचन दिलं. निम्म्या मुलांना ते आणून दिलं, उरलेल्यांना "सॉरी, नाहीये" असं सांगितलं. मग मार्शमेलो ठेवला. वचन पाळलं गेलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, वचन मोडलं गेलेली तीन.

अठ्ठावीस मुलं म्हणजे हासुद्धा लहानच नमुना की! खरंय. पण दावाही लहान आहे. कोणतं मूल कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं तसं ठरवलं होतं. म्हणून दोन गटांतला फरक मुलांच्या स्वभावातून आला असण्यापेक्षा मोठ्यांच्या वागण्यातून आला, असं म्हणता येतं. 'सगळी मुलं अशीच असतात' असं म्हणता येत नाही. थांबण्यामागे संयमाखेरीज भरवसाही असू शकतो, एवढंच हा प्रयोग दाखवतो. आणि तेवढ्याने माझं शनिवारचं तात्पर्य डळमळीत होतं.

२०१८ मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी नऊशेहून जास्त मुलांची माहिती तपासली. त्यांचा भर आई पदवीधर नसलेल्या मुलांवर होता, म्हणजे बिंग स्कूलच्या खोलीत फारशी न दिसलेल्या मुलांवर. थांबणं आणि पंधराव्या वर्षीची शैक्षणिक प्रगती यांतला संबंध पूर्वीच्या निम्म्याच्या आसपास निघाला, आणि घरची परिस्थिती वगैरे गोष्टी हिशोबात धरल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश गेला. याच्या अर्थावर संशोधकांमध्ये वाद आहेत. त्याच वर्षी बेटिना लाम आणि सहकाऱ्यांनी कॅमेरूनमधल्या न्सो शेतकरी कुटुंबांतली मुलं आणि जर्मन मध्यमवर्गीय मुलं यांची तुलना केली. थांबून राहिलेल्यांचं प्रमाण न्सो मुलांत सुमारे सत्तर टक्के होतं, जर्मन मुलांत तीसच्या आसपास.

आता नैतिक प्रश्न. एखाद्या समाजातली मुलं नमुन्यात नाहीत, ही उणीव. पण त्या नमुन्यातून निघालेली पट्टी त्याच मुलांवर लावून "तुमच्यात संयम कमी" म्हणणं, हा अन्याय. कारण मग त्यांच्या जगण्यातलं शहाणपण दुसऱ्याच्या जगण्यातला दोष म्हणून वाचलं जातं. ज्या घरात पाणी कधी येईल सांगता येत नाही, तिथे आलं की भांडी भरून ठेवतात. त्याला कुणी अधीरपणा म्हणत नाही. पेढ्याबाबत मात्र मी म्हटलं.

यावर कुणी म्हणेल, मग काहीच सार्वत्रिक बोलायचं नाही का? अख्ख्या मानवजातीची चिठ्ठी काढणं कुणालाच शक्य नाही. मान्य. प्रत्येक नमुना कुठल्यातरी भांड्यातलाच असणार, आणि जपून मांडलेला छोटा अभ्यास हा काही गुन्हा नाही. फक्त दाव्याची रुंदी नमुन्याइतकी ठेवावी. आणि ज्या निष्कर्षाने कुणाला नापास ठरवलं जाणार असेल, त्याची किंमत ज्यांना मोजावी लागेल, ती माणसं तरी मोजणीत असायला हवीत. ही जबाबदारी एकट्या संशोधकाची नाही. 'संशोधन सांगतं' म्हणून जो फॉरवर्ड करतो, त्याचीही आहे. मिशेलने निदान इशारा लिहिला होता. मी तर पेढ्याचं तात्पर्य फळ्यावर लिहिलं.

आता असं काही वाचलं की मी दोन गोष्टी शोधते. विचारलं कुणाला? आणि जे सुटले, त्यांच्या घरात हा प्रश्न तोच राहतो का? बहुतेक वेळा पहिल्याचं उत्तर शोधताशोधताच 'माणसं अशी असतात' या वाक्यातली माणसं बरीच कमी होतात.

तो मुलगा आता कॉलेजात असेल. भेटला तर त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. बाई परत येतात की नाही हे आधी बघायचं. येत नसतील, तर पेढा खाऊन टाकणं बरोबरच होतं.